आमच्या घराण्याला ऊन लागत नव्हतं

मी शुद्धीवर आली तेव्हा माझ्या नाकाला कोणाची तरी चप्पल लावलेली होती.

पांढुर्ण्याचा बसस्टँड, बाजाराचा दिवस. अस्तराचं कापड आणि हुकांची पाकिटं घेऊन मी सौंसरच्या बसमागे धावली होती, एवढंच आठवत होतं. आता मी जमिनीवर आडवी, भोवती माणसांचं रिंगण, आणि एक अनोळखी काका मोठ्या मायेनं मला चामड्याची चप्पल हुंगवून राहिले होते. "मिरगी आहे, मिरगी. हटा बे, हवा येऊ द्या."

"मिरगी नाही आणि काही नाही," मी म्हटलं. "चप्पल बाजूला करा आधी. लय वास मारून राहिली."

लोक हसले. जी बाई हसते-बोलते तिला काय झालं असणार, म्हणून अर्धे निघून गेले. एका म्हातारीनं माझा पदर सारखा केला, तर पदराला गाठ मारून ठेवलेला कांदा तिच्या हाताला लागला. "अवं, कांदा जवळ असून तुले ऊन लागलं?" तिला नवल वाटलं. पौष महिना होता. मी स्वेटर घातलेलं होतं.

या कांद्याचं आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

माझं माहेर मोहगाव. संत्र्याची बाग, थोडी कपाशी. आमच्या भागात उन्हाळ्यात शेतावर जाणारा माणूस खिशात कांदा ठेवतोच, ऊन बाधू नये म्हणून. पण आमच्या घरी कांदा बारा महिने. पावसात कांदा, थंडीत कांदा, लग्नात नवरीच्या पदरालाही कांदा. गावात आम्हाला कांदेवाले म्हणत. कारण आमच्या घराण्याला ऊन फार बाधते, हे सगळ्यांना माहीत होतं. माझे बाबा शेतात उभ्या उभ्या पडले आणि गेले, तरणेबांड. काका तसेच गेले. काकांचा पोरगा तसाच. "ऊन लागलं," माय सांगायची, आणि आम्ही पोरं खिसा चाचपून पाहायचो.

मी सौंसरला ब्लाऊज शिवते. दुकान आमचं घरातलंच. पडण्याच्या आधी वर्ष-दोन वर्षं मला दम लागत होता. जिना चढली की छातीत धडधड, बादली उचलली की डोळ्यापुढे अंधारी. गिऱ्हाईक बायांकडे त्याची कारणं तयार होती. वय झालं, रक्त कमी आहे, बीट खा, खजूर खा, मशीनवर बसून बसून अंग जड झालं. मी बीट खाल्ले, खजूर खाल्ले. दम काही ऐकेना.

ज्या दिवशी कळलं

पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, पाहिली, परत काढली. मग म्हणाले, "घरून कोणाला बोलवा." हे वाक्य ऐकलं ना, की तोंडाचं पाणीच पळते. आमचे हे बोरगावला कारखान्यात आहेत. ते युनिफॉर्मवरच आले. दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला.

तिथं इको केला. डाव्या कुशीवर निजवतात, छातीला थंडगार चिकट काहीतरी लावतात आणि पडद्यावर तुमचं हृदय दाखवतात. मी पहिल्यांदा पाहिलं माझं हृदय. काही समजलं नाही, पण चालू आहे एवढं दिसलं आणि मला बरं वाटलं.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या, आवाज हळू. विचारलं, "घरात कोणाला हृदयाचा आजार?"

"नाही जी," मी अगदी ऐटीत सांगितलं. "आमच्याकडे असं काही नाही."

"तरुण वयात अचानक कोणी गेलं?"

"गेले ना. माझे बाबा, काका, चुलतभाऊ. पण ते उन्हानं गेले. आमच्या घराण्याला ऊन बाधते."

त्यांनी पेन खाली ठेवला. "बाबा कोणत्या महिन्यात गेले?"

"दिवाळीच्या तोंडावर. कापूस वेचणी चालू होती, गाठोडं उचललं आणि पडले."

"काका?"

"पोळ्याच्या दिवशी. बैल सुटला, त्याच्यामागे धावले."

"त्या दिवशी ऊन होतं?"

"नाही, पावसाची झड लागली होती..." मी बोलली, आणि बोलता बोलता थांबली.

"आणि चुलतभाऊ?"

"माघात," मी म्हटलं. "कबड्डी खेळताना."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल, गिऱ्हाइकांना, शेजारणींना, माझ्या पोरीला. उन्हाळ्यात आमच्या घरचं एकही माणूस गेलेलं नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. हृदयाची भिंत मांसाची असते. आमच्या घराण्यात ती जास्तच जाड होते. त्यातून जी वीज चालते ती एखाद्या वेळी भलतीकडे भरकटते, बहुतेक करून धावताना, वजन उचलताना. मग हृदय नुसतं थरथरते, रक्त काही पुढे जात नाही, माणूस जागच्या जागी पडतो. आजार फार जणांना नसतो, पण ज्या घरात असतो त्या घरात मायबापाकडून लेकराकडे जातो. लेकरात यायची शक्यता निम्मी. "तुमचं नशीब की तुमचं हृदय आपोआप ठिकाणावर आलं," त्या म्हणाल्या. "दर वेळी येत नाही."

तुम्हाला वाटेल मी रडली असेल. नाही. माझ्या डोळ्यापुढे दादा आला. माझा सख्खा मोठा भाऊ, मोहगावचा. सारखा झाडावर चढलेला, संत्र्याचे क्रेट उचलणारा, आणि मागच्या दिवाळीत "थोडी चक्कर आली" म्हणून ओट्यावर बसून राहिलेला. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, माझं राहू द्या. माझा दादा उद्या बागेत संत्री तोडायला जाऊन राहिला."

"दादालाही आणा," त्या म्हणाल्या. "पण आधी तुम्ही."

दवाखाना

माझ्या छातीत डाव्या बाजूला, हाडाच्या खाली, कातडीआड एक मशीन बसवलं. काडीपेटीहून थोडं मोठं असेल. हृदय भरकटलं की ते आतूनच झटका देते आणि ठिकाणावर आणते. मी सिस्टरला विचारलं, "झटका कसा लागते?" ती म्हणाली, "पेशंट सांगतात, कोणी जोरात लाथ घातल्यासारखा." मी म्हटलं, "घालू दे बाप्पा. लाथ खाऊन जिवंत राहिलेली बरी."

वर वर असं बोलत होती, पण आतून माझी पाचावर धारण बसली होती. झोप लागली की वाटे आता उठत नाही. संडासला जाताना वाटे इथंच पडते. हे मी मुद्दाम लिहून राहिली, कारण मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं की सगळ्यांनाच असं होते. बाजूच्या खाटेवर पांढुर्ण्याच्याच एक बौद्ध समाजाच्या बाई होत्या, शाळेत शिपाई. त्यांना मशीन बसवून वर्ष झालं होतं, तपासणीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भीती वाटते तर वाटू द्या ताई. मी रोज सकाळी उठली की म्हणते, चला, आजही आपणच घंटा वाजवायची." मला त्यांच्या बोलण्यानं जितका आराम पडला तितका गोळीनंही पडला नाही.

माय भेटायला आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी चादर बदलताना सिस्टरला माझ्या उशीखाली कांदा सापडला. केवढी हसली ती! मग वॉर्डभर दाखवून आली. मला हसूही येईना आणि रडूही येईना.

आमचे हे एरवी चहासुद्धा करत नाहीत. दवाखान्यातून घरी आल्यावर माझा डावा हात वर करायला मनाई होती, तर या माणसानं माझी वेणी घातली. वेणी म्हणजे काय, गाठोडंच ते. एक दिवस मी चिडली, "सोडा जी, तुम्हाला नाही जमत." ते उठून मागच्या अंगणात गेले. मी पाहिलं तर सुतळीचे तीन तुकडे खुंटीला बांधून वेणीची प्रॅक्टिस करून राहिले होते. त्या दिवशी मी पोटभर रडली.

एक बायकांच्या कामाचं सांगते, कारण डॉक्टर हे सांगत नाहीत. मशीनच्या जागी उंचवटा येतो आणि आतल्या कपड्याचा पट्टा नेमका त्यावर घासतो. मी माझ्यासाठी डाव्या खांद्याकडून रुंद पट्टा काढला, आतून जुन्या सुती धोतराची मऊ घडी लावली. त्या शिपाईबाईंनाही तसाच शिवून पाठवला. आणि शिंपीणबायांनो, टाचण्या वेचायचं लोहचुंबक आपण गळ्यात लटकवतो ना, ते छातीजवळ आणायचं नाही. मी माझं पोरीला देऊन टाकलं. पैशाचं मात्र इथं लिहीत नाही, ते रडगाणं वेगळं आहे.

माय

घरी आल्यावर मी मायला सगळं सांगितलं. ऊन नाही, हृदय. बाबांचंही, काकांचंही.

माय भडकली. "माह्या नवऱ्याले ऊनच लागलं होतं. तू काय होती का तिथं? तू तर पाळण्यात होती." उठून चालली गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट आहे.

मग एक दिवस ती स्वतःच सौंसरला आली. मी शिलाई मशीनजवळ बसली होती. ती खाली बसली, काजाचं काम हातात घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "म्हणजे खिशात कांदा असता तरी ते गेले असते?"

"हो माय. कांद्याचा काही संबंधच नाही."

"पक्कं?"

"पक्कं. डॉक्टरीणबाईला फोन लावून देऊ का?"

तिनं सुई कापडात खोवून ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवशी घरात एकच कांदा होता वं. तुह्या बाबानं मागतला. मी म्हटलं, दिवाळी आली, आता कायचं ऊन. अन् मी तो फोडणीत टाकला."

माझी माय कांदा खात नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. विधवा बाई आहे, काही नेम असेल, असं आम्ही समजत होतो. आम्हा सगळ्यांच्या खिशात, पदरात ती सकाळी सकाळी कांदा कोंबायची, आणि उन्हाळ्यात तर दारात उभी राहून तपासायची. एवढी वर्षं ही बाई नवरा आपल्या हातानं गेला असं समजून जगत होती, आणि आमच्यापैकी एकालाही पत्ता नव्हता.

मी मशीनवरून उठली आणि तिला धरलं. ती रडली नाही. "माह्यामुळं नाही झालं," ती म्हणत होती. "माह्यामुळं नाही झालं." दुपारी मी भाकरी टाकल्या. तिनं मुक्का मारून कांदा फोडला, मीठ लावलं आणि भाकरीसोबत खाल्ला. डोळ्यात पाणी आलं तर म्हणाली, "तिखट आहे वं."

माझ्या आजारपणानं दुसरं काही दिलं नसतं, तरी एवढं पुरलं असतं मला.

दादा

आता उरला दादा. आणि दादा म्हणजे आडमुठेपणाचा कळस.

"मले काही होत नाही. मी रोज इतके क्रेट उचलतो."

"म्हणूनच तर, दादा. बाबानंही गाठोडंच उचललं होतं."

"सोनूचं लग्न होऊ दे, मग पाहू."

खरी गोम तिथं होती. सोनू म्हणजे दादाची पोरगी. लोधीखेड्याचं स्थळ, सगळं ठरलेलं. दादाच्या पोटात भीती होती की तपासणीत काही निघालं, गावभर झालं, तर सोयरे म्हणतील पोरीच्या घराण्यातच खोट आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला, "शाले, तू गप राय. तुह्या मशीनचंही कोणाले सांगू नको. थायरॉईड म्हणून सांग." म्हणजे बाबांच्या वेळी ऊन, माझ्या वेळी थायरॉईड! मला असा राग आला की विचारू नका.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सोनूच आतून आली. दाराआडून सगळं ऐकलं होतं तिनं.

"बाबा, मी त्यांना फोनवर सांगून टाकलं."

"काय सांगितलं?" दादा उठून उभा राहिला.

"सगळं. आत्याचं, आजोबांचं, तुम्हाला चक्कर येते तेही. माह्यातही असू शकते तेही."

वहिनीनं कपाळावर हात मारला. दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मग? काय म्हणे पोट्टा?"

"म्हणे, तुझी तपासणी कोणत्या दिवशी आहे, मी सुट्टी टाकतो." सोनूनं नाक पुसलं. "अन् बाबा, तुम्ही नागपूरला चालले नाही ना, तर मी हळद लावून घेत नाही. मांडव घाला नाहीतर काही करा. मले लग्नात बाप पाहिजे."

दादा खाली बसला. कोणाकडे न पाहता म्हणाला, "गाडी किती वाजता काढायची?"

एका बोलेरोत आम्ही सगळे कोंबून गेलो. दादा, वहिनी, सोनू, माझी पोरगी, चुलत घरची दोघं. होणारा जावई नागपुरात दवाखान्याच्या दारात उभा होता, हातात समोशांची पिशवी. माय समोरच्या सीटवर बसली, जसं काही तीच सगळ्यांचा इको करणार होती. रांगेत बसल्या बसल्या आम्ही इतका गोंधळ घातला की सिस्टरनं दोनदा दटावलं.

सोनूचं ठीक निघालं. माझ्या पोरीचंही ठीक. दोघींनी पुढेही अधूनमधून तपासत राहायचं, एवढंच. चुलत घरच्यांपैकी एकाला थोडं आहे, गोळी चालू केली. आणि दादाची भिंत माझ्याहून जाड. डॉक्टरीणबाईंनी त्याला घरी सोडलंच नाही. लग्नाच्या आधी मशीन बसलं, आणि हळदीला दादा डावा हात पोटाशी धरून, उजव्या हातानं पोरीला हळद लावत होता. सोनू हसत होती आणि तिच्या डोळ्यातून पाणी गळत होतं.

पडला

गेल्या आंबिया बहारात, संत्र्यांचा तोडा चालू असताना, दुपारी मोहगावहून दादाच्या शेजारच्या पोरीचा फोन आला. "आत्या, लवकर या. काका बागेत पडले."

आमच्या घरात "पडला" या शब्दाचा एकच अर्थ आहे. मी शिलाई मशीनवरून उठली, हे कामावरून सुटून आलेच होते, तसेच गाडीवर बसलो. सौंसरपासून मोहगाव काही दूर नाही, पण तो रस्ता मला संपता संपेना. दादाच्या छातीत मशीन बसवलं होतं. पण मशीनच आहे ना, मी म्हणत होती, न चाललं तर? यांची पाठ मी दोन्ही हातांनी धरली होती आणि बाबांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होती, जो मला आठवतच नाही.

दारात गर्दी होती. बाया ओट्यावर बसल्या होत्या, डोईवर पदर घेऊन. एक काका तर तिरडीचे बांबू पाहायला निघून गेले होते. कोणीतरी रीतीप्रमाणे आमची चूलही विझवली होती, पाणी टाकून.

आणि आतून आवाज आला, "कायले जमले बे एवढे? काम नाही का तुमाले?"

दादा खाटेवर बसला होता. अंगाला माती, केसात पालापाचोळा, आणि चेहऱ्यावर भयंकर राग. वहिनी त्याचा हात दोन्ही हातात धरून हसत होती की रडत होती, मला कळेना. तीच सांगू लागली. गाई बागेत शिरल्या. डॉक्टरनं धावू नको म्हटलं असून हा धावला. ती ओरडली, तेवढ्यात हा आडवा. डोळे पांढरे. तिनं किंकाळी फोडली, मजूर धावले, कोणीतरी गावात सांगून आलं की गेला. आणि मग मातीवर पडल्या पडल्या त्याच्या अंगाला असा झटका बसला की दंड वर उडाले. डोळे उघडले. पहिलं बोलला ते, "कोणं मारली बे लाथ?"

मी नागपूरला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, आता कसा आहे ते विचारलं आणि म्हणाल्या, "मशीननं त्याचं काम केलं. आता आराम. सकाळी घेऊन या, तपासून घेऊ. परत झटका बसला तर मात्र लगेच निघा."

मी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. ओट्यावरच्या बायांनी पदर खाली घेतले. कोणी हसायला लागलं, मग सगळेच. बांबूवाल्या काकांना परत बोलवायला माणूस धाडला. तीन माणसं या घरातून पडून गेली होती. चौथा खाटेवर बसून लोकांना शिव्या देत होता.

माय एवढा वेळ दादाच्या पायाशी बसली होती, त्याचं पाऊल हातात धरून. ती उठली. चुलीपाशी गेली आणि ओली राख पाहून भडकली. "माही चूल कोणं विझवली?" कोणी कबूल होईना. तिनं राख काढली, नवीन काड्या मांडल्या, फुंकणी घेतली. ओल्या चुलीचा धूर घरभर झाला, सगळे खोकलायला लागले, पण ती कोणाला हात लावू देईना. मोठी कढई चढवली. जेवढा रवा घरात होता तेवढा भाजला, तूप सोडलं, आणि जमलेल्या सगळ्यांना बसवून घेतलं. "आले तसे रिकामे जाऊ नका," म्हणाली.

शिऱ्याची पहिली वाटी दादाला. त्यानं एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी पडली, माय."

"उद्या जास्त टाकीन," माय म्हणाली.